संशोधनातील सहकार्य : एक कसोटी

विद्यापीठांच्या अहवालांत परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांचा निर्देश आता आवर्जून केला जातो. तथापि स्वाक्षऱ्यांनी सहकार्य सिद्ध होत नाही. ते ग्रंथाने सिद्ध होते. या दृष्टीने डॉ. शं. गो. तुळपुळे आणि डॉ. ॲन फेल्डहाउस यांचे संयुक्त कार्य अभ्यसनीय आहे. पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागाची धुरा वाहिलेला एक संशोधक आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठात धर्माभ्यासाचे अध्यापन करणारी एक विदुषी यांच्या सहकार्यातून दोन ग्रंथ निर्माण झाले : ‘स्मृतिस्थळा’चा इंग्रजी अनुवाद (१९९२) आणि प्राचीन मराठीचा कोश (१९९९).

परकीयांशी सहकार्य मराठीला नवे नाही. १८३१ चा कोश आजही मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यासाठी खपलेल्या शास्त्रीमंडळींची नावे मात्र शोधून काढावी लागतात. तेथे एका पक्षाचे श्रम आणि दुसऱ्याचे कर्तृत्व, अशी वाटणी झाली होती. प्रस्तुत ग्रंथांत ती नाही. अनुवादावर फेल्डहाउस यांचे नाव प्रथम येते, कोशावर तुळपुळे यांचे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. कोणत्या कार्यात कोणाचा अधिकार अग्रगण्य, याची ती सरळ कबुली आहे.

अनुवादाचे इंग्रजी शीर्षकही विचारणीय आहे. मूळ नाव स्मृतीचे. इंग्रजी शीर्षक ईश्वराच्या अनुपस्थितीचे. शब्दशः पाहता हे स्वातंत्र्य वाटेल. परंतु ‘असन्निधान’ ही महानुभाव विचारातीलच कल्पना असून, चक्रधर आणि गोविंदप्रभू यांच्या पश्चात नागदेवाभोवती पंथ कसा सावरला, हाच त्या ग्रंथाचा विषय होय. बाहेरच्या वाचकाला विषयाचे मर्म कळावे, आणि तेही पंथाच्याच परिभाषेतून, हे एकट्याने साधणे कठीण होते.

तरीही एक उणीव नमूद केली पाहिजे. हे सहकार्य दोन व्यक्तींचे होते, दोन विभागांचे नव्हते. तुळपुळे १९९४ मध्ये निवर्तले. कोश त्यानंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झाला. तो प्रकाशात आला याचे श्रेय व्यक्तिनिष्ठेला द्यावे लागेल. अशी निष्ठा गृहीत धरून कोणत्याही विभागाला आपली योजना आखता येणार नाही.

म्हणून नव्या करारांना तीन प्रश्न विचारावेत. संशोधनाचा प्रश्न दोघांनी मिळून निश्चित केला आहे काय? इंग्रजीत सिद्ध झालेले फळ मराठी विद्यार्थ्याच्या हाती परत येणार आहे काय? आणि ज्येष्ठांच्या पश्चात ते काम पुढे नेतील असे तरुण अभ्यासक दोन्ही ठिकाणी तयार होत आहेत काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर आपला विभाग केवळ सामग्री पुरविणारा ठरेल. दुसऱ्याचे असेल तर ज्ञान परके राहील. आणि तिसऱ्याचे असेल तर सहकार्य एका पिढीबरोबर संपेल. तुळपुळे-फेल्डहाउस यांचे कार्य पहिल्या कसोटीस निःसंशय उतरते. उरलेल्या दोन कसोट्या त्या दोघांच्या नव्हेत, विद्यापीठांच्या आहेत.