रिकामा म्हणवणारा अ‍ॅरे

सोलापुरात वर्षातले बहुतेक दिवस कोरडे जातात. तेथील काही विद्यार्थ्यांनी वर्षभराच्या पावसाची बेरीज करण्यासाठी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आम्ही पाहिला. ३६५ कप्प्यांचा अ‍ॅरे घ्यायचा, पाऊस पडला त्या दिवसाच्या कप्प्यात मिलिमीटर लिहायचे, शेवटी बेरीज. कोरड्या दिवसांचे कप्पे तसेच सोडलेले. घरी उत्तर बरोबर आले. शाळेच्या संगणकावर मात्र भलतेच. दोष मुलांच्या गणिताचा नव्हता. अ‍ॅरे घेताना त्यांनी नमपाय या संग्रहातील ‘एम्प्टी’ हे फंक्शन वापरले होते.

एम्प्टी म्हणजे रिकामे. पण संगणकाच्या स्मृतीत रिकामी जागा नसतेच. प्रत्येक बिट ० किंवा १ असते. हे फंक्शन जागा देते, ती पुसत नाही. आधीच्या कामातले आकडे तेथे पडून असू शकतात. ऑपरेटिंग सिस्टिमकडून नव्याने आलेली जागा मात्र पुसलेली असते, म्हणून पुष्कळदा पहिल्या चाचणीत शून्येच दिसतात आणि चूक लपते. माहितीपुस्तिकेत इशारा आहे, पण नावावर विसंबणारा नवशिका ती उघडतो कुठे? आमचा आक्षेप या नावाला आहे, सोयीला नाही. कोट्यवधी कप्पे लगेच भरायचेच असतील तर ते आधी पुसणे हे वाया जाणारे काम होय. (३६५ कप्प्यांचे २,९२० बाइट पुसायला लागणारा वेळ जाणवणारही नाही!)

‘पण पायथन स्मृतीची व्यवस्था स्वतःच पाहते ना?’ असे शिक्षक विचारतात. पाहते, परंतु तिची दक्षता पत्त्यांपुरती असते. कप्प्यात दुसऱ्या वस्तूचा पत्ता ठेवायचा असेल, तर तेथला जुना कचराच पत्ता समजून सफाईची यंत्रणा नको ती जागा मोकळी करील आणि प्रोग्रॅम कोसळेल. म्हणून वस्तूंच्या अ‍ॅरेत ‘एम्प्टी’सुद्धा प्रत्येक कप्प्यात ‘काही नाही’ अशी खूण भरते. निव्वळ आकड्यांच्या कप्प्यांत ही यंत्रणा डोकावत नाही. तिच्या दृष्टीने सारे सुरक्षित. आपली बेरीज चुकली तरी तिला त्याचे काय?

ज्यूलिया भाषेने हे अधिक बरे हाताळले आहे. पूर्वी तिच्यातही न पुसलेला अ‍ॅरे गुपचूप मिळे. २०१८ मधील १.० आवृत्तीपासून मात्र असा अ‍ॅरे घेताना ‘अनडेफ’, म्हणजे अनिश्चित, हा शब्द लिहावाच लागतो. प्रोग्रॅम तपासणाऱ्यालाही तो दिसतो. नमपायमध्ये असेच एखादे नाव हवे होते. वर्गात तूर्त ‘झीरोज’ शिकवावे. मोठ्या अ‍ॅरेसाठी ते बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमकडून पुसलेलीच जागा मिळवते, त्यामुळे वेगातही फारसे मागे पडत नाही. मुलांनी तेवढा एक शब्द बदलला आणि घरची व शाळेची बेरीज जुळली.