वाडी ओस पडते तेव्हा

परळच्या आमच्या शाळेत यंदा मुलांना ‘बनगरवाडी’ रोज थोडीथोडी वाचून दाखवली. शेवटी वाडी ओस पडली, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, ती माणसं परत आली का?” मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तक पुन्हा वाचायला घेतले.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी गिरगावच्या मौज प्रकाशनाने १९५५ साली काढली. वाडी औंध संस्थानातल्या धनगरांची. सांगणारा तिथला कोवळा मास्तर. हे धनगर मेंढरे राखतात, तशी शेतीही करतात. शेकूची बायको बैलाच्या जागी जुवाला खांदा देते, तो प्रसंग कोण विसरेल?

डोंगरातले मेंढपाळ असेच दोन पायांवर उभे असतात. हिमाचलातल्या गद्दींची गावी घरे-शेते आहेत. पण बर्फ वितळले की त्यांचे कळप खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांत चढतात आणि थंडीत कांगड्याकडे उतरतात. त्यांना बर्फ हलवतो, आपल्या धनगरांना पाऊस. घाटावरच्या कोरड्या मुलखातले कितीएक कळप दिवाळीच्या सुमारास सह्याद्री उतरून कोकणात येतात. भात कापलेल्या शेतात मेंढरे बसवली की लेंडीखताबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. विकलेली कोकरे, घोंगडीची लोकर आणि हे खत, यांवर संसार चालतो. पावसाळ्याआधी कळप माघारी फिरतात, कारण कोकणच्या चिखलात मेंढरू तगत नाही.

ऋतूने बोलावलेले हे जाणे निराळे आणि दुष्काळाने हाकललेले जाणे निराळे. माडगूळकरांच्या कथेचा शेवट दुसऱ्या जाण्याचा आहे. आपण वाचक मात्र दोन्ही एकच समजतो आणि भटकण्यालाच दुःख मानतो. मास्तरही शाळेला बांधलेला. त्याला रिकामी घरे दिसतात, पुढची वाट दिसत नाही. त्याला जे ठाऊक नाही ते लेखकाने त्याच्या तोंडी घातले नाही, हे या कादंबरीचे मोठेपण मला वाटते. एखादा भाबडा लेखक पाऊस पाडून सगळ्यांना परत आणता.

उद्या मी त्या मुलाला सांगेन: धनगर जातो तो परतण्यासाठीच. पण त्याला परत आणते ते मेंढरू. तेच दुष्काळात मेले, तर त्याने कोणामागून परत यायचे?