टॉलस्टॉयच्या शाळेतला निबंध

चौथीच्या मुलांच्या निबंधस्पर्धेचा परीक्षक होण्याचा योग काही वर्षांपूर्वी मला आला होता. तालुक्याच्या गावची स्पर्धा. विषय अर्थातच ‘माझी आई’. साठ-पासष्ट कागदांचा गठ्ठा घेऊन बसलो आणि दहाव्या कागदाशीच ध्यानात आले की, या सगळ्या मुलांना मिळून आई एकच आहे. ती पहाटे पाचाला उठते, सडासंमार्जन करते, देवपूजा करते, मायेचा सागर असते, आणि शेवटी तिच्यावर कवी यशवंतांची ती सर्वांना पाठ असलेली ओळ येऊन पडते. एकाच मार्गदर्शकातून उतरलेली ही आई वाचता वाचता मला डुलकी येऊ लागली होती. अशात एक कागद निराळा निघाला. त्या मुलाने लिहिले होते की, आई एस. टी.त बसली की झोपते. झोपताना माझा सदरा मुठीत धरून ठेवते. आमचे गाव आले की मी तिला उठवतो. संपला निबंध. प्रस्तावना नाही, समारोप नाही, शुद्धलेखनाच्या चुका मात्र पंधरा. मी वीसपैकी सहा गुण दिले आणि कागद गठ्ठ्यात परत ठेवला.

बक्षीस कोणाला मिळाले, त्या निबंधात काय होते, यातले मला आज काहीही आठवत नाही. मुठीत धरलेला तो सदरा मात्र जसाच्या तसा आठवतो. माझ्या गुणदानाविषयी याहून कडक टीका दुसऱ्या कोणी करण्याची गरज नाही.

या प्रसंगानंतर बऱ्याच काळाने टॉलस्टॉयचा एक लेख वाचनात आला आणि मी चपापलो. १८६२ सालचा हा लेख. टॉलस्टॉय त्या वेळी आपल्या यास्नाया पोल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवीत होता आणि शाळेच्याच नावाचे मासिकही काढीत होता. ‘युद्ध आणि शांती’ अजून लिहावयाची होती, पण लेखक म्हणून त्याचे नाव झाले होते. असा माणूस लेखाच्या मथळ्यातच प्रश्न टाकतो की, लिहिणे कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या पोरांनी आमच्याकडून, की आम्ही त्यांच्याकडून?

हकिगत अशी. ‘चमच्याने भरवतो आणि त्याच्याच दांड्याने डोळ्यात खुपसतो’ या अर्थाची एक रशियन म्हण आहे. तिच्यावर गोष्ट लिहा, असे त्याने मुलांना सांगितले. मुले म्हणाली, तुम्हीच लिहून दाखवा. मास्तर लिहावयास बसले आणि मुले खांद्यावरून वाकून पाहू लागली. एक पान होते न होते तोच त्यांनी मास्तरांच्या चुका काढण्यास सुरुवात केली! थोड्याच वेळात फेद्का आणि सेम्का ही दोन मुले गोष्ट सांगताहेत आणि टॉलस्टॉय उतरून घेतो आहे, असा प्रकार सुरू झाला. संध्याकाळी सातापासून रात्री अकरापर्यंत कोणाला भूक आठवली नाही. आपले ते पहिले पान मुलांच्या मजकुरात दुधात पडलेल्या माशीसारखे दिसते, अशी कबुली टॉलस्टॉयनेच दिली आहे.

गोष्ट एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला आसरा देणाऱ्या शेतकऱ्याची. तीत एका ठिकाणी शेजारचा एक गृहस्थ येतो, तेव्हा त्याच्या अंगात बायकी कोट होता, असे फेद्काने सांगितले. बायकीच का, हे कोणालाही चटकन सांगता येणार नाही. पण त्या एका कोटाने हिवाळ्यातली रात्र, घाई, दारिद्र्य, आणि ज्याला तो कोट बसावा असा एक किरकोळ अंगाचा माणूस, हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. बायकी कोट आणि मुठीत धरलेला सदरा ही एकाच जातीची भावंडे आहेत, हे माझ्यासारख्या परीक्षकाला उशिरा कळले.

या लेखात टॉलस्टॉय वाहवत गेला आहे, हेही सांगितले पाहिजे. फेद्काची उंची गटेलाही साधणार नाही, असे तो म्हणून जातो. मूल जन्मतः परिपूर्ण असते आणि शिक्षण त्याला बिघडवते, असा त्याचा सिद्धान्त. मला तो पटत नाही. दोन हुशार मुलांवरून सगळ्या बालजातीचा निर्णय करता येत नाही, आणि चाळीस मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला त्याचा उपयोगही नाही. मुलांच्या लेखनात अक्षर, शुद्धलेखन यांच्या चुका काढूच नयेत, असेही तो सांगतो. केव्हा तरी काढाव्याच लागतील. आपल्या भाषेतले ऱ्हस्व-दीर्घ कोणाला आईच्या पोटातून येत नाहीत.

पण सिद्धान्त बाजूला ठेवला तर त्याने प्रत्यक्ष काय केले, हे पाहण्यासारखे आहे, आणि लेखाचे खरे मोल तिथे आहे. मध्ये त्या मुलांनी स्वतः आळीपाळीने लिहून पाहिले होते. जमले नाही, लवकरच त्यांनी ते सोडून दिले. म्हणजे ज्या मुलांनी मोठ्या लेखकाला मागे टाकले, त्यांच्याही हातात लेखणी देताच गोष्ट अडली. टॉलस्टॉयने याचे कारण शोधले आहे. लिहिणाऱ्याला अनेक विचारांतून एक निवडावा लागतो, त्याला शब्द शोधावे लागतात, मागे काय आले ते ध्यानात ठेवावे लागते, आणि हे चालू असताना हाताने अक्षरेही काढावी लागतात. इतकी ओझी मुलाला एकदम पेलत नाहीत. म्हणून काही ओझी आरंभी शिक्षकाने उचलावी आणि एकेक करून मुलाच्या हवाली करावी. शिक्षण बिघडवते म्हणणारा माणूस इथे चार तास उत्तम शिक्षकाचे काम करीत बसला होता, ही त्या लेखातली मोठी गंमत आहे.

आपल्या शाळांत नेमके उलटे घडते. आपण सगळ्यात जड ओझे, म्हणजे हात, मुलाकडे देतो आणि सगळ्यात हलके, म्हणजे काय सांगावयाचे ते, स्वतःकडे ठेवतो. ‘शुद्धलेखन’ या शब्दाचा अर्थच कित्येक घरांत ‘पुस्तकातल्या पाच ओळी सुवाच्य उतरवणे’ असा झालेला आहे. घरी मालवणीत किंवा अहिराणीत घडाघडा बोलणारे मूल वहीपुढे मुके होते आणि मग फळ्यावरचे वाक्य त्याच्या मदतीला धावून येते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे नाव या निबंधांत हटकून असते. परंतु त्या पुस्तकातली आई लक्षात राहते ती न्हाऊन आलेल्या मुलाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून ओचे पसरते यामुळे. ‘मायेचा सागर’ तिथे कामाला आलेला नाही.

ती रशियन गोष्ट पुढे हरवली. टॉलस्टॉय काही दिवस बाहेर गेला असता शाळेत कागदाच्या घड्या घालून फटाक्यासारखा आवाज काढण्याचे वेड पसरले आणि हस्तलिखित त्यात खर्ची पडले. त्याची हळहळ पाहून फेद्का आणि सेम्का एका रात्री त्याच्या घरी आले, खोलीत बसून राहिले आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांनी ती गोष्ट आपल्या हाताने पुन्हा लिहून काढली. ज्यांना आधी लेखणी पेलली नव्हती, तीच ही मुले. आता गोष्ट त्यांची झालेली होती.

आमच्या घरी गेल्या दिवाळीत भाच्याला सुट्टीचा निबंध होता, ‘आम्ही केलेला किल्ला’. ‘महाराष्ट्र ही किल्ल्यांची भूमी आहे’ एवढे लिहून पोर तासभर पेन चावत बसले होते. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाल्या, “तू सांग रे, मी लिहिते.” तो सांगू लागला: एका मावळ्याचा पाय मोडला होता. त्याला टाकून द्यावा असे दादा म्हणाला. पण मी त्याला भिंतीला टेकवून वरच्या बुरुजावर ठेवला, कारण तिथून कुठे चालत जावे लागत नाही.