व्ही. पी. ने आलेली ताकद

हिरड्याच्या जुन्या भावांचा माग काढायचा म्हणून काही वर्षे मी पुण्यातल्या ग्रंथालयांत जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या फायली चाळत होतो. आमच्या आहुप्याचा बाळहिरडा उन्हात वाळतो, पोत्यात भरला जातो आणि घाटाखाली जाऊन कुठल्या तरी औषधात पडतो. त्याचे काय होते, हे मला पाहायचे होते. भाव फारसे सापडले नाहीत. सापडल्या त्या पानांच्या कडेला दाटीवाटीने छापलेल्या जाहिराती. धातुपौष्टिक गोळ्या, मज्जातंतूंना बळ देणारे पाक, स्मरणशक्तीची चूर्णे, गेलेली ताकद परत आणणारी तेले. बहुतेकींच्या शेवटी एकच सूचना असे: व्ही. पी. ने मागवा, टपालखर्च निराळा.

अशा जाहिराती आपण गंमत म्हणून पुन्हा छापतो आणि 'काय भोळे लोक होते' म्हणून हसतो. मला हे हसणे पटत नाही. या जाहिराती मराठी गद्याचा एक नमुना म्हणून नीट वाचल्या, तर भोळेपणापेक्षा निराळेच काही दिसते.

आधी टपालाचे पाहू. हिंदुस्थानात व्ही. पी. सुरू झाली 1877 साली, पाव आण्याचे पोस्टकार्ड आले 1879 मध्ये आणि टपालाची मनीऑर्डर 1880 मध्ये. अवघ्या तीन-चार वर्षांत परगावच्या अनोळखी माणसाला मागणी कळवायची, माल मागवायचा आणि पैसे पोचवायचे, अशी पुरी सोय झाली. व्ही. पी. चा नियम असा की पोस्टमनच्या हाती पैसे ठेवल्याशिवाय पुडके फोडता येत नाही. घड्याळ किंवा धोतरजोडी खराब निघाली तर गिऱ्हाईक चारचौघांत बोंब मारील. 'गुप्त रोगा'च्या औषधाचे गिऱ्हाईक मात्र गप्प बसणार, कारण तक्रार करायची तर आधी आपला रोग सांगावा लागेल. हा धंदा औषधाच्या गुणावर जितका चालला, तितकाच गिऱ्हाइकाच्या गप्प बसण्यावर चालला.

ही रीत आपल्याकडे जन्मली नाही. 1869 मध्ये जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टराने 'न्यूरस्थेनिया' म्हणजे मज्जातंतूंचा थकवा हे दुखणे डॉक्टरी चर्चेत आणले. डोके दुखणे, झोप न लागणे, धडधड, उदासी, कामात मन न लागणे हे सारे त्यात बसे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये त्यावर विजेचे पट्टे विकले जात. कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या 'डॉ. विल्यम्स' छापाच्या गुलाबी गोळ्या जगभर खपत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये अशा औषधांचे पृथक्करण करून पुस्तकच काढले. गोळ्यांत मुख्यतः लोहाचा साधा क्षार निघाला. किंमत होती ती डबीची, जाहिरातीची आणि भीतीची.

मग हा विलायती रोग मराठीत इतक्या सहज कसा रुजला? मला वाटते, एका शब्दामुळे. 'नर्व्ह'साठी मराठीने 'मज्जातंतू' हा शब्द घेतला. आयुर्वेदात मज्जा हा सात धातूंपैकी सहावा धातू. त्याच्यापासून सातवा, म्हणजे शुक्र, तयार होतो असे मानतात. इंग्रजी शरीरशास्त्रातला तंतू या शब्दातून थेट आपल्या धातूंच्या साखळीत येऊन बसला. वाचकाला नवे काही शिकावे लागलेच नाही. मज्जातंतू दुबळे झाले म्हणजे धातू गेला आणि धातू गेला म्हणजे मज्जातंतू दुबळे झाले, असे दोन्ही बाजूंनी पटू लागले. विलायती डॉक्टर आणि वैद्य एकमेकांना मानत नसतील, जाहिरातीत मात्र ते शेजारी बसले.

जाहिरातीची घडणही पाहण्यासारखी आहे. आरंभी लक्षणांची यादी, आणि ती अशी की परीक्षेच्या आधीचा कोणताही विद्यार्थी किंवा पाळीवरून परतलेला कोणताही गिरणी कामगार तिच्यात सापडावा. मग कारण, म्हणजे लहानपणीच्या चुका. मग अभय: पत्रव्यवहार गुप्त ठेवला जाईल. शेवटी प्रशस्तिपत्रे. काही कारखाने मागेल त्याला फुकट पुस्तक धाडत. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांचे नाव त्या काळच्या वाचकाच्या ओळखीचे होते, ते अशाच प्रचारामुळे. पुस्तक वाचेपर्यंत माणूस थकलेला असे, वाचून झाल्यावर रोगी होई. गोळी नंतर आली, रोग आधी आला, आणि तो फुकट आला.

डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील या जाहिरातींचा अभ्यास मध्यमवर्गीय दांपत्यजीवन आणि पुरुषत्वाच्या कल्पना या अंगाने केला आहे. तो मोलाचा आहे. मी त्यात एकच भर घालीन. मागणी करणाऱ्या माणसाची गरज गोळीइतकीच पत्राची होती. गावच्या वैदूला सांगितले तर पाणवठ्यावर चर्चा, घरच्यांना सांगायची सोय नाही, दवाखाना लांब. हिंदुस्थानभरात आपले दुखणे ऐकून घ्यायला तयार असलेला एकच पत्ता त्याला माहीत होता, आणि तो जाहिरातीत छापलेला होता.

याच टपालाने दुसरा पत्ताही पुरवला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. पत्र लिहिणारा तोच, लाज तीच, प्रश्नही पुष्कळदा तोच. उत्तर मात्र निराळे: यात रोग नाही, भिऊ नका. 1934 मध्ये वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही कर्व्यांना दंड झाला. भीती घालून डबी विकणाऱ्या जाहिराती त्या काळात चालूच होत्या. टीकाकार म्हणून माझा खरा आक्षेप इथे आहे. आपल्या समाजाने खोट्या उत्तराला पानात जागा दिली आणि खऱ्या उत्तराला कोर्टात उभे केले.

कर्वे 1953 मध्ये गेले. त्यानंतरच्या वर्षी, 1954 मध्ये, औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. ज्या रोगांवरच्या जाहिरातींना बंदी, त्यांच्या यादीत मज्जातंतूंचे दौर्बल्यही आहे. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात काही तरतुदी रद्द केल्या, पण अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे हेही स्पष्ट केले. 1960 मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी या भीतीला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. धातू गेला म्हणून खंगलेल्या माणसाचे दुखणे खरे असते, फक्त ते धातूचे नसते, हे वैद्यकाने मान्य केले.

आता आहुप्यात फोन आहेत. मागे गावातल्या एका पोराने मला त्याच्या फोनवर आलेली जाहिरात दाखवली. लक्षणांची यादी, लहानपणीच्या चुका, गुप्ततेची हमी, पैसे माल हातात आल्यावर. घटकांत पहिले नाव हिरड्याचे. पोत्यात आम्हाला काय भाव मिळतो आणि डबीला तो काय देणार होता, याचा हिशेब आम्ही दोघांनी ओट्यावर बसून केला. मग त्याने विचारले, "पण काका, हे खरंच नुकसानीचं नसतं का?"

नसतं, म्हणून सांगितले. एवढे विचारायला त्याला हिशेबाचे निमित्त लागले.