ॲनिमे

ॲनिमे : जपानी सचेतनपटांसाठी व दूरचित्रवाणीवरील जपानी सचेतन मालिकांसाठी जगभर रूढ झालेली संज्ञा. रेखाटने, आकृत्या वा बाहुल्या यांची क्रमवार छायाचित्रे घेऊन त्यांतून गतीचा आभास निर्माण करण्याच्या कलेस सचेतनीकरण म्हणतात. ‘ॲनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचे जपानी रूप ‘आनिमेशोन’ असे असून ‘ॲनिमे’ हा त्याचाच संक्षेप होय. हा शब्द जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात सार्वत्रिक झाला. तत्पूर्वी ‘सेन्गा’ (रेखाचित्रे), ‘मांगा एइगा’ (व्यंगचित्रपट) व ‘दोगा’ (हलती चित्रे) या संज्ञा प्रचारात होत्या. जपानी भाषेत ॲनिमे या शब्दाला देशाची मर्यादा नाही. डिझ्नीचा अमेरिकन सचेतनपट हाही जपानी प्रेक्षकाच्या लेखी ॲनिमेच ठरतो. जपानबाहेर मात्र तो केवळ जपानी निर्मितीपुरता व अनेकदा तिच्यातील एका विशिष्ट शैलीपुरता मर्यादित झाला आहे. ॲनिमे कशास म्हणावे, हा वाद या अर्थभेदातून उद्‌भवतो. तो केवळ शब्दाचा वाद नव्हे. ज्या कृतींना ही संज्ञा लाभते त्यांचे जतन, भाषांतर व वितरण होते. ज्यांना ती लाभत नाही त्या दर्जेदार असूनही दुर्लक्षित राहतात.

व्याख्येचे निकष : निर्मितीचा देश, चित्रशैली आणि निर्मितिपद्धती असे तीन निकष सामान्यतः पुढे केले जातात. त्यांपैकी पहिला सर्वांत सोपा, परंतु तितकाच अपुरा आहे. आरुपुसु नो शोजो हाइजी (१९७४, म. शी. आल्प्समधील मुलगी हायडी) ही मालिका योहाना श्पीरी या स्विस लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली असून ती इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) यांनी दिग्दर्शित केली. यूरोपात ती घरोघरी पाहिली गेली. पण ती जपानी आहे हे तिच्या अनेक बालप्रेक्षकांच्या ध्यानीही आले नाही. उलटपक्षी, द लास्ट युनिकॉर्न (१९८२) या अमेरिकन चित्रपटाची रेखाटने टोकिओच्या टॉपक्राफ्ट या संस्थेत झाली. याच संस्थेत पुढे हायाओ मियाझाकी (१९४१– ) यांचा काझे नो तानी नो नाउशिका (१९८४, म. शी. वाऱ्याच्या खोऱ्यातील नाउशिका) हा चित्रपट निर्माण झाला. पहिल्याची गणना ॲनिमेत क्वचितच होते, तर दुसऱ्याची निर्विवादपणे होते. शिवाय जपानी मालिकांतील रेखाटनाचे बरेचसे काम कित्येक दशके दक्षिण कोरिया, फिलिपीन्स व चीन येथील कलावंत करीत आले आहेत. केवळ जन्मस्थळ हा निकष मानल्यास त्यांच्या श्रमाची नोंद कोठे करावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

भारताशी संबंधित दोन कृतींतून ही अडचण विशेष स्पष्ट होते. युगो साको (१९२८–२०१२), कोइची सासाकी व राम मोहन (१९३१–२०१९) यांनी दिग्दर्शित केलेला रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम हा चित्रपट जपानी व भारतीय कलावंतांच्या सहकार्यातून तयार झाला आणि १९९३ साली भारतातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. यातील पार्श्वभूमीची घनता, अरण्य व आकाश यांचे चित्रण आणि युद्धप्रसंगांची रचना जपानी परंपरेतील आहे. व्यक्तिरेखांची वेशभूषा, हावभाव व आचार यांसाठी मात्र भारतीय कलावंतांची जाण आधारभूत ठरली. सूरज : द रायझिंग स्टार (२०१२) ही मालिका क्योजिन नो होशी या १९६८ सालच्या जपानी बेसबॉल-मालिकेचे भारतीय रूपांतर होय. तीत बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि टोकिओच्या जागी मुंबई आली. तथापि पित्याकडून मुलास मिळणारे कठोर शिक्षण आणि एका चेंडूच्या प्रवासावर ताणलेला काळ ही मूळ कृतीची लक्षणे टिकून राहिली. या दोन्ही कृती पूर्णतः जपानी नव्हेत, पूर्णतः भारतीयही नव्हेत.

दुसरा निकष चित्रशैलीचा. विशाल नेत्र, लहान नाक-ओठ, तीक्ष्ण केशरचना आणि भावनेची ठरावीक चिन्हे ही ॲनिमेची लक्षणे म्हणून सांगितली जातात. विशाल नेत्रांची प्रथा मुख्यतः ओसामू तेझुका (१९२८–८९) यांच्यामुळे रुजली आणि त्यांनी ती बव्हंशी अमेरिकन व्यंगपटांतून घेतली होती. म्हणजे हे लक्षण मुळात शुद्ध जपानी नाही. पुढे अवतार : द लास्ट एअरबेंडर (२००५–०८) या अमेरिकन मालिकेने ही शैली आत्मसात केली. याउलट किहाचिरो कावामोतो (१९२५–२०१०) यांचा दोजोजी (१९७६) हा बाहुलीपट, कोजी यामामुरा यांचा आतामायामा (२००२, म. शी. डोक्यावरचा डोंगर) हा लघुपट किंवा ताकाहाता यांचा कोळशाच्या रेषा व जलरंग यांचा भास निर्माण करणारा कागुयाहिमे नो मोनोगातारी (२०१३, म. शी. राजकन्या कागुयाची कथा) हा चित्रपट या लक्षणांत बसत नाही. जी व्याख्या ताकाहातांसारख्या श्रेष्ठ दिग्दर्शकाची अखेरची कृती वगळते, ती सदोषच म्हणावी लागते.

निर्मितिपद्धती : तिसरा निकष ऐतिहासिक असल्यामुळे अधिक फलदायी आहे. जपानमधील पहिले सचेतनपट १९१७ साली निघाले. ओतेन शिमोकावा, जुन्इची कोउची व सेइतारो कितायामा हे त्यांचे आद्य निर्माते होत. मित्सुयो सेओ यांचा मोमोतारो : उमी नो शिन्पेई (१९४५) हा पहिला पूर्ण लांबीचा जपानी सचेतनपट नौदलाच्या प्रचारासाठी निघाला होता. हाकुजादेन (१९५८, म. शी. श्वेत नागिणीची कथा) हा तोएई दोगा या संस्थेचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सचेतनपट. या टप्प्यापर्यंत डिझ्नीचा आदर्श प्रभावी होता.

१ जानेवारी १९६३ रोजी तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची तेत्सुवान आतोमू (म. शी. पोलादी आतोम) ही मालिका सुरू झाली आणि हा आदर्श व्यवहारातून बाजूला पडला. चित्रपटात दर सेकंदास २४ चौकटी पडद्यावर येतात. प्रत्येक दोन चौकटींसाठी एक चित्र काढल्यास सेकंदास १२ चित्रे लागतात. जपानी मालिकांत एकच चित्र तीन वा अधिक चौकटींसाठी वापरून हा आकडा आठ किंवा त्याहून खाली आणण्यात आला. स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरविणे, केवळ ओठ हलविणे, एकदा काढलेल्या चित्रांचा संग्रह करून ती पुन्हा वापरणे, अशा युक्त्या नियमित झाल्या. मालिका अल्प किंमतीत दूरचित्रवाणीस विकली गेली आणि तूट भरून काढण्यासाठी व्यक्तिरेखांच्या वस्तुविक्रीवर भिस्त ठेवावी लागली. मेइजी या मिठाई-संस्थेने आतोमची चित्रे असलेले चिकटपट्टे आपल्या चॉकलेटबरोबर दिले.

या काटकसरीतून एक स्वतंत्र कलाभाषा निर्माण झाली, हे ॲनिमेच्या इतिहासातील महत्त्वाचे सत्य आहे. गती कमी झाल्यामुळे चौकटीची रचना, छेद, विराम, ध्वनी आणि अंतर्गत स्वगत यांना महत्त्व आले. शिन सेइकी एव्हान्गेरिओन (१९९५–९६, म. शी. नव्या युगाचा एव्हान्गेरिओन) या मालिकेत हिदेआकी आन्नो (१९६०– ) यांनी उद्‌वाहकातील दोन व्यक्तींचे दीर्घकाळ अचल राहिलेले चित्र योजले आहे, तेथील अवघडलेपण चित्र हलते तर निर्माणच झाले नसते. तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आरंभीच्या अल्प किंमतीचा पायंडा टिकून राहिला आणि मधली चित्रे काढणाऱ्या कलावंतांचे मानधन तुटपुंजेच राहिले. कलावंतांना नियमित वेतनावर ठेवणारी क्योटो ॲनिमेशन ही संस्था या बाबतीत अपवादभूत मानली जात असे. १८ जुलै २०१९ रोजी तेथे लावण्यात आलेल्या आगीत ३६ जण मृत्युमुखी पडले. ही हानी केवळ एका संस्थेची नव्हती.

रसिकांच्या शिफारशी : ॲनिमेच्या प्रतिष्ठेत समीक्षकांहून रसिकांचा वाटा मोठा आहे. उचू सेन्कान यामातो (१९७४–७५, म. शी. अंतराळयुद्धनौका यामातो) ही मालिका पहिल्या प्रसारणात अपयशी ठरली, तिच्याच वेळेस दुसऱ्या वाहिनीवर हायडी दाखविली जात असे. पुढे पुनःप्रसारण व रसिकांचा पाठपुरावा यांमुळे १९७७ साली तिचे चित्रपटरूप गाजले. योशियुकी तोमिनो (१९४१– ) यांची किदो सेन्शी गुंदामू (१९७९–८०) ही मालिकाही नियोजित भागांपूर्वीच, ४३ भागांवर, आटोपती घेण्यात आली होती. तिलाही रसिकांनीच वाचविले. १९७८ मध्ये निघालेल्या ॲनिमेज या मासिकाने वाचकांच्या कौलावर वार्षिक पुरस्कार देण्याची प्रथा पाडली. जपानबाहेर रसिकमंडळे, हस्तांतरित चित्रफिती व हौसेने केलेले उपमथळे यांतून हेच कार्य घडले. भारतात माकोतो शिन्काई (१९७३– ) यांचा तेन्की नो को (२०१९, म. शी. हवामानाचे अपत्य) हा चित्रपट प्रेक्षकांच्या स्वाक्षऱ्यांच्या विनंतीनंतर चित्रपटगृहांत दाखविला गेला.

नवागत प्रेक्षकास सुचविल्या जाणाऱ्या कृतींत बरेच साम्य आढळते. कात्सुहिरो ओतोमो (१९५४– ) यांचा आकिरा (१९८८), मामोरू ओशी (१९५१– ) यांचा कोकाकू किदोताई (१९९५, इंग्रजी नाव घोस्ट इन द शेल), मियाझाकी यांचा सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी (२००१, म. शी. सेन आणि चिहिरोचे अंतर्धान) आणि शिन्काई यांचा किमी नो ना वा (२०१६, म. शी. तुझे नाव) हे चित्रपट, तसेच काउबॉय बीबॉप (१९९८–९९), डेथ नोट (२००६–०७) व फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड (२००९–१०) या मालिका यादीत बहुधा असतात. यांपैकी काउबॉय बीबॉपची शिफारस सर्वस्वी सार्थ होय. २६ भागांचा आटोपशीर विस्तार, जॅझ संगीताशी एकजीव झालेली दृश्यरचना आणि पूर्वपरिचयाची गरज न भासणारी कथा यांमुळे ती नवागतास सुगम वाटते. ब्रदरहुड ६४ भागांची असूनही मूळ चित्रकथेच्या शेवटापर्यंत सुसंगतपणे जाते. डेथ नोटचा पूर्वार्ध बौद्धिक द्वंद्वाचा उत्तम नमुना आहे, परंतु उत्तरार्धात त्यातील ताण ओसरतो. एव्हान्गेरिओनही वारंवार सुचविली जाते, पण ती प्रथम पाहण्याची कृती नव्हे. महाकाय यंत्रमानवांच्या मालिकांतील ज्या वीरकल्पनेची ती चिकित्सा करते, ती ठाऊक नसल्यास तिचे मर्म हाती लागत नाही. गुंदामू पाहून मग तिच्याकडे वळणे अधिक उचित.

या याद्यांत जे नसते तेही विचारात घेण्याजोगे आहे. माचिको हासेगावा (१९२०–९२) यांच्या चित्रकथेवरील साझाए-सान ही मालिका ५ ऑक्टोबर १९६९ पासून चालू असून ती जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेली सचेतन मालिका मानली जाते. जपानी कुटुंबांच्या दृष्टीने ॲनिमेचे याहून परिचित उदाहरण शोधूनही सापडणार नाही. परदेशी रसिकांच्या याद्यांत मात्र तिला स्थान नाही. रियोको इकेदा यांच्या चित्रकथेवरील बेरुसाइयू नो बारा (१९७९–८०, म. शी. व्हर्सायचा गुलाब) या मालिकेने मुलींसाठीच्या कथापरंपरेस ऐतिहासिक शोकनाट्याची उंची दिली, तरी तिचा उल्लेख यंत्रमानव व द्वंद्वयुद्धे यांच्या मालिकांच्या तुलनेने विरळ असतो. कुनिओ कातो यांचा त्सुमिकी नो इए (२००८, म. शी. ठोकळ्यांचे घर) हा लघुपट ऑस्कर पारितोषिकाने गौरविलेला आहे, १२ मिनिटांत तो वार्धक्य व स्मृती यांविषयी जे सांगतो, ते अनेक दीर्घ मालिकांना साधलेले नाही. त्यासही रसिकांच्या याद्या सहसा विसरतात.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून असे दिसते, की ॲनिमे हा एक देश किंवा एक चेहरा नसून १९६३ नंतर जपानमध्ये आकारास आलेली निर्मितीची व आस्वादाची व्यवस्था होय. मुद्रित चित्रकथा, साप्ताहिक प्रसारण, मितव्ययी रेखाटन, वस्तुविक्री आणि संघटित रसिक हे तिचे घटक. एखादी कृती या व्यवस्थेच्या जितकी निकट, तितकी ती ॲनिमे या संज्ञेस निःसंशय पात्र. दूरच्या कृती सीमेवर राहतात आणि तेथे त्यांची चर्चा होणे इष्टच. मात्र सीमेवरील स्थान हे गौणत्वाचे लक्षण समजू नये. हिरोकी आझुमा यांनी २००१ साली असे प्रतिपादन केले, की नवा रसिक कथेपेक्षा व्यक्तिरेखांच्या सुट्या लक्षणांचाच अधिक उपभोग घेतो. शिफारशींच्या एकसारख्या याद्या या मतास काहीशी पुष्टी देतात. होतारू नो हाका (१९८८, म. शी. काजव्यांची समाधी) व तोनारी नो तोतोरो (१९८८, म. शी. शेजारचा तोतोरो) हे चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले होते. पहिल्यात युद्धकाळातील दोन अनाथ भावंडांची उपासमार आहे, तर दुसऱ्यात आजारी आईची वाट पाहणाऱ्या दोन बहिणींचे बालविश्व. एकाच संस्थेतून एकाच दिवशी इतक्या भिन्न कृती प्रेक्षकांपुढे आल्या, यातच या माध्यमाची व्याप्ती दिसून येते. ती सामावून घेईल अशीच व्याख्या स्वीकारार्ह. आणि जी प्रेक्षकास परिचिताकडून अपरिचिताकडे नेईल, तीच शिफारस उपयुक्त ठरते.