चिन्हांकन-भाषेच्या मार्गदर्शिकेचे पुनर्लेखन : ‘टेकइन्फो’च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भाषेचे व्याकरण त्याच भाषेत लिहिताना व्याकरणकारावर दुहेरी जबाबदारी येते. त्याने नियम सांगायचे असतात आणि ते सांगताना पाळायचेही असतात. संगणक आज्ञावलींच्या मार्गदर्शिका लिहिण्यासाठी ग्नू प्रकल्पात वापरल्या जाणाऱ्या ‘टेकइन्फो’ या चिन्हांकन-भाषेची मार्गदर्शिका टेकइन्फोमध्येच लिहिलेली आहे. त्यामुळे तिचे पुनर्लेखन ही त्या भाषेचीही परीक्षा ठरते. प्रस्तुत लेखात या पुनर्लेखनाची चिकित्सा केली आहे.

पूर्वपीठिका

ब्रायन रीड यांनी १९७० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘स्क्राइब’ ही प्रणाली विकसित केली. मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे हे लेखकाने सांगावे, हे तिचे तत्त्व टेकइन्फोने स्वीकारले. एखादा शब्द आज्ञा आहे, फाइलचे नाव आहे की कळफलकावर टंकायचा मजकूर आहे, एवढेच लेखक नोंदवतो. अक्षरवळण ठरविण्याचे काम यंत्राकडे असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘बोटेक’ ही छपाईची पद्धती आणि ‘इन्फो’ ही पडद्यावरील साहाय्याची पद्धती यांचा संयोग करून टेकइन्फो निर्माण केली. मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती त्यांचीच. १.१ आवृत्तीपासून रॉबर्ट चॅसेल यांनी तिचा मोठा विस्तार केला. संचाच्या ३.८ आवृत्तीनंतर ही धुरा कार्ल बेरी यांच्याकडे आली.

पुनर्लेखनातील पेच

या भाषेत ग्रंथाचा प्रत्येक घटक ‘नोड’ म्हणून ओळखला जातो. प्रारंभी नोडच्या ओळीत त्याच्या नावासोबत पुढील, मागील व वरील नोडची नावेही देण्याची पद्धत होती. पुढे रूपांतर करणारी ‘मेकइन्फो’ ही आज्ञावली हे संबंध स्वतःच ओळखू लागली. येथे पुनर्लेखकापुढे पेच निर्माण होतो. जुनी रीत ठळकपणे शिकविली तर नवा लेखक निरर्थक श्रम करतो; ती पूर्णतः वगळली तर जुने ग्रंथ सांभाळणाऱ्याला समोरच्या ओळीचा अर्थ लागत नाही. म्हणून जुन्या नियमाचे स्थान बदलणे हाच त्यावरील योग्य मार्ग होय.

स्थानबदलाचे महत्त्व आणखी एका उदाहरणावरून दिसते. २००८ च्या ४.१३ आवृत्तीत ‘ईमॅक्स’ या संपादकातील टेकइन्फो-सुविधेचे विवेचन दुसऱ्याच प्रकरणात होते. नंतरच्या आवृत्त्यांत ते परिशिष्टात गेले. या बदलात मजकूर फारसा गमावला गेला नाही. बदलला तो गृहीत वाचक. पूर्वीची मार्गदर्शिका वाचकाला ईमॅक्सचा वापरकर्ता समजत होती, नंतरची तसे समजत नाही. पुनर्लेखनाचे मोल नव्या पानांच्या संख्येपेक्षा अशा निर्णयांवरून ठरवावे लागते.

तथापि विस्ताराची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. एकाच ग्रंथाने नवख्याला शिकवावे आणि जाणकाराला प्रत्येक आज्ञेचा तपशीलही द्यावा, ही अपेक्षा परस्परविरोधी आहे. आज्ञांची सूची आणि नमुना-फाइली परिशिष्टात देऊन मार्गदर्शिकेने काही वाट काढली आहे. परंतु पहिलाच ग्रंथ लिहिणाऱ्याने किती वाचले म्हणजे पुरे, हे तिच्या रचनेतून सहज उमगत नाही.

भाषेचा प्रश्न

संदर्भ देणाऱ्या आज्ञांचे प्रकरण मराठी अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावते. त्यांपैकी एक आज्ञा वाक्यारंभी वापरायची असते व ती ‘पाहा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द स्वतःच घालते. दुसरी कंसात वापरायची असते, तर तिसरी छापील प्रतीत केवळ संदर्भ देते. पहिल्या दोहोंमागे इंग्रजी वाक्यरचना गृहीत आहे. मराठीत ‘पाहा’ हे क्रियापद सामान्यतः संदर्भानंतर येते. म्हणून मराठी लेखकाला तिसरी आज्ञाच सोयीची ठरते. अर्थाला प्राधान्य देणारी भाषाही एका विशिष्ट भाषेच्या वाक्यक्रमापासून पूर्ण मुक्त नसते, हे यावरून स्पष्ट होते. पुढील पुनर्लेखनात हा भेद सांगितला गेल्यास इंग्रजीतर लेखकांचा मार्ग सुकर होईल.

निष्कर्ष

आज्ञावली बदलण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे त्याला तिची मार्गदर्शिका बदलण्याचेही स्वातंत्र्य हवे, अशी स्टॉलमन यांची भूमिका आहे. कारण आज्ञावली बदलली आणि मार्गदर्शिका तशीच राहिली, तर ती वाचकाची दिशाभूल करते. परंतु परवान्याने मिळालेले हे स्वातंत्र्य कोणीतरी चिकाटीने वापरावे लागते. २०१७ साली निधन पावलेल्या चॅसेल यांच्यासारख्यांचे हे श्रम सहसा झाकलेलेच राहतात, कारण चांगल्या मार्गदर्शिकेत वाचक अडत नाही आणि जिथे तो अडत नाही तिथे लेखकाची आठवणही होत नाही. अशा लेखनाला केवळ तांत्रिक काम न मानता गद्यलेखनाचा एक जबाबदार प्रकार मानणे आणि त्याची समीक्षा करणे आवश्यक आहे.