हाताचे ओझे आणि ट्रिमचे चाक

युद्धकथेचा कस लढाईच्या वर्णनात लागतो, अशी आपली एक समजूत असते. वास्तविक तो लागतो लढाईच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पानांत. वाटचालीत, वाट पाहण्यात आणि आंबलेल्या खांद्यांत लेखकाने काय पाहिले, यावर त्याने युद्ध पाहिले की नाही ते ठरते. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या विमानयुद्धाच्या खेळांनाही हीच कसोटी लावावी, असे मला वाटते. हे खेळ आता आपल्या घरांत शिरले आहेत. पोरासोरांचा उद्योग म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा करण्याचे दिवस गेले. तीही गोष्ट सांगण्याची एक रीत आहे, आणि जिथे गोष्ट आली तिथे टीकाकारालाही आपली खुर्ची मांडून बसण्याचा हक्क आला. त्यांतील बंदुका, धूर आणि ढग यांची वाखाणणी करणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते वैमानिकाच्या डाव्या हाताशी असलेल्या एका लहानशा चाकाविषयी. त्याचे नाव ट्रिम.

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना ट्रिम चटकन उमजेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर रुतते. शहाणा गाडीवान पोती पुढेमागे सरकवून भार मधोमध आणतो आणि मगच कासरा हाती घेतो. विमानाचे असेच आहे, फक्त त्याचा तोल क्षणोक्षणी बदलत असतो. वेग वाढला की नाक वर जाऊ पाहते, कमी झाला की खाली झुकते. इंजिनाचा जोर वाढवला की नाक एका अंगाला ओढ घेते. पेट्रोल जळत जाते तसतसा भार हलतो. या प्रत्येक वेळी वैमानिकाला दांडा किंवा पायातले सुकाणू जोर लावून धरून ठेवावे लागते. हा जोर त्याच्या हातापायांवरून काढून घेण्यासाठी ट्रिमची योजना आहे. स्पिटफायरमध्ये शेपटीच्या हलत्या फळीच्या कडेला एक चिमुकली पट्टी असे. चाक फिरवले की ती वाकडी होई आणि हवाच ती फळी हव्या त्या जागी धरून ठेवी. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मध्ये शेपटीचा आडवा पंखच कलता करीत. चाक कुठवर फिरवायचे? दांड्यावरचा हात मोकळा झाल्यासारखा वाटेपर्यंत.

म्हणजे ट्रिम ही वैमानिकाच्या सुटकेची सोय आहे. नेमकी इथेच खेळ रचणाऱ्याची पंचाईत होते. घरातल्या टेबलावरच्या जॉयस्टिकला एक स्प्रिंग असते. विमान ताशी दोनशे मैलांनी चालले असो की चारशे मैलांनी, त्या स्प्रिंगचा ताण तोच. खऱ्या विमानात ट्रिम साधले की दांडा जिथे धरला आहे तिथेच हलका होतो. टेबलावरचा दांडा मात्र मध्यावरच परतू पाहतो; म्हणून खेळणाऱ्याला एका हाताने ट्रिमचे बटण दाबीत दुसऱ्या हाताने दांडा तोलून तोलून सोडावा लागतो. जी क्रिया हाताचे काम कमी करण्यासाठी निघाली, ती इथे काम वाढवते. हाताला खरा जोर देणारे दांडे मिळतात, पण ते महाग, आणि थोड्यांच्याच टेबलावर दिसतात. बाकीच्यांना ओझ्याशिवायच ओझे उतरवण्याचा अभिनय करावा लागतो.

आता प्रश्न असा की, ओझे देता येत नसताना सुटका खरी कशी करावी? कादंबरी लिहिणाऱ्यापुढे हा प्रश्न रोजचाच आहे. कागदालाही वजन नसते. दहा कोस चालून आलेल्या माणसाचा शीण वाचकाच्या पायांत उतरवता येत नाही. त्यासाठी लेखकाजवळ एकच नाणे असते, ते म्हणजे वेळ. तो वाचकाला थांबवतो, वाट लांबवतो, घाई करू देत नाही. माझ्या मते विमानयुद्धाच्या खेळाचीही खरी कला हीच: जे वजनात देता येत नाही, ते वेळेत वसूल करावे.

हे सूत्र हाती धरले की दोन गाजलेल्या खेळांकडे नीट पाहता येते. पहिला ‘आयएल-२ स्टुर्मोविक’. मॉस्कोत ओलेग मॅडॉक्स आणि त्यांच्या मंडळींनी तो रचला आणि २००१ साली तो बाजारात आला. रशिया-जर्मनीच्या आघाडीवरची विमाने त्याने साऱ्या जगाच्या टेबलावर आणली, आणि कोणत्या विमानाला कोणते ट्रिम होते याचाही त्यात विचार केलेला होता. पण खेळणारे हुशार असतात. काहींनी ट्रिम एका सरकत्या पट्टीला जोडून घेतले आणि चकमकीच्या ऐन भरात ती पट्टी खेचून विमान अधिक तीव्रतेने वळवावयास सुरुवात केली. मोठा वाद झाला. कोणी हिला चलाखी म्हणाले, कोणी लबाडी. पुढे ट्रिम सावकाश सरकेल अशी तजवीज खेळात करण्यात आली.

मला हा वाद उद्बोधक वाटतो, कारण दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. खुद्द मेसरश्मिटचे वैमानिक सुसाट सूर मारल्यावर शेपटीचे चाक फिरवून विमान वर काढीत. त्या वेगात दांडा इतका जड होई की नुसत्या हाताने तो पुरेसा ओढता येत नसे. तेव्हा कृती खोटी नव्हती. खोटे होते ते तिचे फुकट मिळणे. त्या वैमानिकाला डावा हात इंजिनाच्या खटक्यावरून काढावा लागे, आसनाशेजारचे चाक फिरवावे लागे, आणि खालच्या दाट हवेत विमान एकाएकी वर उसळले तर ते मोडण्याची भीती मनात बाळगावी लागे. टेबलावर एक बोट सरकवले की काम झाले. निर्मात्यांनी ट्रिम संथ केले तेव्हा त्यांनी एका अर्थी त्या चाकाचे फेरेच परत आणले. ही दुरुस्ती मला एखाद्या चांगल्या संपादकाने केलेल्या दुरुस्तीसारखी वाटते.

दुसरा खेळ ‘डी.सी.एस. वर्ल्ड’. त्यात २०१२ साली अमेरिकेचे मस्टँग विमान आले, आणि पुढे मेसरश्मिट व स्पिटफायरही आली. इथली निष्ठा थक्क करणारी आहे. मस्टँगला तिन्ही अंगांचे ट्रिम आहे. उड्डाणापूर्वी सुकाणूचे ट्रिम उजवीकडे पाच-सहा अंश फिरवून ठेवावे लागते. वैमानिकाच्या पाठीमागे ८५ अमेरिकन गॅलनांची, म्हणजे सुमारे ३२० लिटरची टाकी आहे. ती भरलेली असली की विमान आपल्या उलाळ गाडीसारखेच वागते. म्हणून त्या टाकीतले पेट्रोल आधी जाळून मगच लढाईला तोंड द्यावयाचे. मेसरश्मिटमध्ये तर आसनाच्या डाव्या बाजूस दोन चाके शेजारी शेजारी आहेत, एक फ्लॅप्सचे आणि एक शेपटीचे. सुकाणूला मात्र उडत असताना फिरवता येईल असे ट्रिमच नाही. १९४० साली हाती आलेले असे एक विमान इंग्रजांनी फार्नबरो येथे तपासले, तेव्हा ही उणीव त्यांनी आवर्जून नोंदवली होती. मोठ्या वेगात डावा पाय सतत दाबून धरावा लागे.

परंतु खेळणाऱ्याच्या पायाला त्याचे काय? अनेकांच्या टेबलाखाली सुकाणूचे पायटे नसतातच; ज्यांना हवे त्यांना सुकाणू आपोआप सांभाळण्याची सवलत खेळच देऊ करतो. नवख्यासाठी ती योग्यच आहे. तथापि यंत्राचा प्रत्येक खिळा जागच्या जागी असूनही त्या पायातली कळ हरवते. वस्तूंची यादी अचूक आणि माणूस गैरहजर, अशा कादंबऱ्या आपण वाचलेल्या आहेत.

माझा मुख्य आक्षेप याहून पुढचा आहे, आणि तो खेळांपेक्षा ते खेळण्याच्या रीतीवर अधिक आहे. १९४४ च्या मार्चपासून मस्टँग विमाने बाँबफेक्यांना सोबत करीत इंग्लंडहून बर्लिनपर्यंत जाऊ लागली. तासन्‌तासांच्या त्या प्रवासात प्रत्यक्ष लढाई काही मिनिटांची. उरलेला सारा वेळ थंडी, घरघर आणि थोडेथोडे फिरवलेले ते चाक. ट्रिम नसते तर त्या हातांत बंदुकीची कळ दाबण्याचे त्राणही उरले नसते. आज खेळणारा थेट शत्रूसमोर आकाशात उतरतो, दोन विमाने पाडतो, पडला तर पुन्हा सुरुवात करतो. जिथे प्रवासच नाही तिथे ट्रिमला काम उरत नाही. आणि जिथे शीण नाही तिथे पोरांना युद्ध म्हणजे नुसता पराक्रम वाटू लागते. हा खोटेपणा स्फोटांच्या चित्रांतल्या कोणत्याही चुकीहून मोठा आहे. युद्धातून शीण वजा केला की उरते ती युद्धाची जाहिरात.

म्हणून मी या चाकाचा कैवार घेतो. विमान दर पाच मिनिटांनी हातात जड करणारा खेळ खेळणाऱ्याच्या मनात एक गोष्ट रुजवतो: या दांड्यामागे कुणाचा तरी हात होता, आणि तो दुखत होता. समोरच्या विमानातही तसाच एक हात होता. हे ज्याच्या मनात आले, तो नेम धरील, पण हसत हसत धरणार नाही.

फराळाच्या ताटावरून उठून घरातला मुलगा संगणकापुढे बसला, तर त्याने किती विमाने पाडली हे जरूर विचारावे. त्याला सांगण्याची हौस असते. पण थोडा वेळ मागे उभे राहून त्याचा डावा हातही पाहावा. लढाई नसताना, निळ्या आकाशात काहीच घडत नसताना, तो हात अधूनमधून ट्रिमकडे जातो का? जात असेल तर त्याच्या हाती चांगला खेळ लागला आहे असे खुशाल समजावे.